बोळकांडीतली किल्ली

बसा ना. पायरी गार आहे, पण कंदील मध्ये ठेवते, तेवढीच ऊब. या जुन्या वस्तीत पाहुणे येतात, भिंतींचे फोटो काढतात, भिंतींआड राहणाऱ्यांना मात्र कुणी काही विचारत नाही. तुम्ही विचारलंत. घर असून मी पायरीवर का बसले आहे, ते सांगते. मधेच उठून जायचं नाही, एवढंच.

समोर दोन दगडी घरांमधली ती फट दिसते ना? तीच बोळकांडी, जिच्यातून तुम्ही आत आलात. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला जायची ती एकच वाट. वरून घरं एकमेकांवर रेललेली, त्यामुळे भर दुपारीसुद्धा आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. मध्ये एक वळण आहे. आणि रुंदी अशी की एक माणूस आत असला की दुसऱ्याला जागाच नाही. माझा धाकटा काका लग्नानंतर सुटला तेव्हा दर खेपेला त्याच्या कोटाचं बटण तुटायचं. काकू म्हणायची, "संसार करायला आले होते, बटणं लावण्यात जन्म चाललाय."

म्हणून इथे एक रीत आहे. आत शिरण्याआधी हातातल्या किल्लीने भिंतीवर टकटक करायची. हाक मारून चालत नाही, आत आवाज घुमतो आणि कोण कुठे आहे ते कळत नाही. आतून उलट टकटक आली की आपण बाहेर थांबायचं. आतला माणूस बाहेर पडला की म्हणतो, "मोकळं आहे." मग आपण जायचं. घराघरांत भांडणं होती, वर्षानुवर्षांचे अबोले होते, पण एवढे दोन शब्द कुणी कुणाला चुकवले नाहीत. आणि चुकून दोघं आत समोरासमोर आलेच, तर एकाने उलट्या पावलांनी मागे सरायचं. आमच्या घरात ते काम नेहमी आईकडे असायचं.

आई शिवणकाम करायची. कपडे पोचवायला दिवसातून चारदा जायची-यायची. तिची किल्ली घराच्या मूळ कुलपाची, मोठी, लोखंडी. एकदा जोरात, मग दोनदा हळू, ही तिची टकटक. ती ऐकू आली की मी गोष्टीचं पुस्तक लपवून अभ्यासाचं उघडायची. तिला कळायचं, पण ती बोलायची नाही.

तिचं दुखणं वाढलं तेव्हा शेजारच्या सुताराने तिला पाठुंगळीला घेतलं आणि याच वाटेने दवाखान्यात नेलं. किल्ली तिने मुठीत धरून ठेवली होती. "संध्याकाळपर्यंत येते," म्हणाली. आली नाही. दवाखान्याने चष्मा दिला, चपला दिल्या, किल्ली काही सापडली नाही. आम्ही कुलूप फोडलं आणि दाराला नवं लावलं.

त्यानंतर वर्षभराने मी बाबांना न्यायला आले. माझं घर शहराच्या नव्या भागात आहे. त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, खिडकीशी खुर्ची ठेवली होती. इथला जिना त्यांना झेपत नव्हता, म्हणून तेही हो म्हणाले होते. हमाल सामान घेऊन पुढे गेले, टेम्पो रस्त्यावर उभा होता. दुपारची वेळ. बाबांनी इस्त्रीचा कोट घातला, बोळकांडीच्या तोंडाशी आले आणि काठीने भिंतीवर टकटक केली.

आतून उत्तर आलं. बाबा बाजूला सरले.

"थांब," ते म्हणाले, "येतंय कुणीतरी."

आम्ही थांबलो. मला वाटलं हमालच असेल. पण कुणी बाहेर येईना. मग पुन्हा आवाज आला... एकदा जोरात, मग दोनदा हळू.

मी बाबांकडे बघितलं, तर ते हाताने केस नीट करत होते. लग्नाच्या फोटोत आहे तसा चेहरा झाला होता त्यांचा.

"रोज थोडी जवळ येते," ते हळूच म्हणाले. "तिला कुठे धावपळ जमायची. पण आज वळणाच्या अलीकडे आली बघ."

"बाबा, हा नुसता घुमणारा आवाज आहे. चला."

"थोडा वेळ दे. आज येईल ती."

तिकडे टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मला घाई होती, आणि खरं सांगू, भीतीही वाटत होती. भ्यायले की मी चिडते. मी टकटक केली नाही, कुणाची वाट पाहिली नाही, सरळ आत शिरले.

थोडं आत गेले आणि वास आला. ओल्या दगडाचा नव्हे... शिवणयंत्राच्या तेलाचा. आणि माझ्या पुढे, हातभर अंतरावर, पावलं वाजत होती. सावकाश, चवडा आधी टेकून. मी थांबले की थांबायची. मी चालले की चालायची. कुणीतरी माझ्याकडे तोंड करून मागे मागे जात होतं... मला वाट देत. हात पुढे केला असता तर लागला असता. मी केला नाही. भीती केव्हाच गेली होती. एवढ्या अंधारात, एवढ्या जवळून कुणीतरी मला बघतंय आणि माझ्यावर जराही रागावलेलं नाही, हे मला कळत होतं. देवळाच्या गाभाऱ्यातही मला असं कधी वाटलं नव्हतं.

उजेडात आले. रस्ता, टेम्पो, सामान. बाकी कुणी नाही. "बाई, एकट्याच?" टेम्पोवाला म्हणाला. "म्हातारबा कुठायत?"

मी परत आले. बाबा इथे, या पायरीवर बसले होते.

"आत शिरलीस," ते म्हणाले.

"हो."

"ती मागे सरली असेल."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले.

"तुझ्यासाठी ती नेहमीच मागे सरायची," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. "आता तिला पुन्हा पहिल्यापासून यावं लागेल. मी नाही येत. तू जा."

मी कशी जाणार? सामान उलट आत आलं, आणि पाठोपाठ माझंही. बाबा रोज दुपारी काठी वाजवायचे. उत्तर यायचं, पण फार लांबून. आम्ही दोघं इथे बसायचो. बाहेर जाणाऱ्या पाहुण्यांना मी अडवायची, जरा थांबा, आतून माणूस येतंय म्हणायची. ते हसायचे, पण थांबायचे. वस्तीत मला वेडी म्हणतात ते तेव्हापासून.

यंदाच्या थंडीत बाबा औषध आणायला म्हणून रस्त्यावर गेले आणि तिकडेच गेले. त्यांची काठी गर्दीत कुणी उचलून नेली, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी तोंडाशी उभी राहून टकटक केली. आधी किल्लीचा आवाज आला. मग त्याच्या मागून... काठीचा.

मी रडले, आणि खरं तर हसलेही. निदान आता तिला सोबत होती.

रोज ऐकत होते. रोज थोडं जवळ. आज दुपारी दाराला कुलूप लावून मी तोंडाशी जाऊन उभी राहिले, तेव्हा आवाज अगदी कानाशी आला. मी सवयीने बाजूला सरले, वाट दिली. तेलाचा वास माझ्या अंगावरून गेला. दिसलं काहीच नाही. पाठोपाठ रस्त्याकडून एक पाहुणी बाई बाहेर आल्या, हातात मोबाइलचा टॉर्च.

"आजी-आजोबा कुठे गेले हो?" त्यांनी विचारलं. "माझ्या पुढे होते. आजोबांनी आजींच्या खांद्यावर हात ठेवला होता. फार हळू चालत होते, म्हणून मीही हळू आले."

मी म्हटलं, "घरी गेले."

मग मीही घराकडे वळले. इथवर आले. हे बघा कुलूप, अजून लागलेलंच आहे. त्याची किल्ली ही, माझ्या हातात. उघडण्याआधी काय मनात आलं कोण जाणे, मी ती दारावर वाजवली.

आतून उत्तर आलं. एकदा जोरात, मग दोनदा हळू. मग काठी.

तुम्हाला जायचं असेल तर निघा आता, बोळकांडी मोकळी आहे. किल्ली वाजवायला विसरू नका. मी बसते. एकदा घाई करून बघितली, आता नाही करणार. दुपारपासून कान देऊन बसले आहे, पण आतून "मोकळं आहे" असं अजून कुणी म्हटलेलं नाही.