आयनो असं का म्हणाली?

“केतकी, यू आर ब्रेकिंग अप.”

आयनोचं एवढंच वाक्य रेडिओवर आलं आणि पुढे नुसती खरखर.

चंद्राच्या दक्षिण टोकावरच्या वसाहतीत आता केतकी खरात हे एकच मूल उरलं होतं. तिचे आईबाबा बर्फ खणून त्याचं पाणी करण्याच्या कामावर होते. फिनलंडची आयनो तिच्याच वयाची. वर्षभर दोघी एकत्र खेळल्या आणि मग आयनो आईवडिलांबरोबर मंगळाच्या यानातून निघून गेली. तेव्हापासून त्या रोज बोलायच्या, येईल तशा इंग्रजीत.

ब्रेक म्हणजे तोडणं, अप म्हणजे वर, हे केतकीला ठाऊक होतं. पण ‘वर तोडणं’ म्हणजे काय? तिने शब्दयंत्राला (भाषांतर करणाऱ्या संगणकाला) ‘ब्रेक अप’ एवढंच विचारलं. यंत्र म्हणालं, “मैत्री किंवा नातं तोडणं.”

त्या दिवसापासून केतकी रेडिओच्या खोलीकडे फिरकली नाही. आईने विचारलं तर अभ्यास आहे म्हणाली. खिडकीशी बसून ती बाहेरची करडी माती बघत राहायची. तिथे वारा नव्हता, पाखरू नव्हतं. जेवायच्या टेबलापाशी आयनोची खुर्चीही कुणीतरी उचलून नेली होती.

शेवटी रेडिओची खोली सांभाळणारी झुबेदामावशीच तिला शोधत आली. आयनोचे कितीतरी संदेश येऊन पडलेत, तू येत का नाहीस, असं तिने विचारलं.

“तिनेच मैत्री तोडली, मावशी,” केतकी म्हणाली आणि तिने ते वाक्य सांगितलं.

मावशी तिच्याजवळ जमिनीवरच बसली. “मला सांग, ‘बसला’ म्हणजे काय?”

“खाली बसला.”

“आणि घसा बसला? धक्का बसला? विश्वास बसला?”

केतकी विचारात पडली. शब्द तोच, पण शेजारी बदलला की अर्थ बदलत होता.

मावशीने मग समजावलं. ‘ब्रेक अप’चंही तसंच असतं. आयनोच्या गावचं तळं वसंतात ‘ब्रेक अप’ होतं, म्हणजे त्यावरचा बर्फ फुटतो. शाळा ‘ब्रेक अप’ होते, म्हणजे सुट्टी लागते. गर्दी ‘ब्रेक अप’ होते, म्हणजे ती पांगते. शब्दाच्या आगेमागे काय आहे आणि तो कुठे बोलला गेला, त्याला संदर्भ म्हणतात. केतकीने यंत्राला संदर्भ दिलाच नव्हता, म्हणून त्याने सगळ्यांत जास्त चालणारा अर्थ पुढे केला.

“रेडिओवर बोलताना ‘यू आर ब्रेकिंग अप’ म्हणजे, तुझा आवाज तुटतोय,” मावशी म्हणाली.

आपला आवाज पुडक्यांतून (माहितीच्या छोट्या तुकड्यांतून) जातो. यान जितकं लांब, तितक्या लहरी विरळ होतात. काही पुडकी वाटेतच हरवतात आणि बोलण्यात भोकं पडतात. उपाय साधा आहे, मावशी म्हणाली. तेच पुन्हा पाठवायचं. पहिल्यात हरवलेलं कदाचित दुसऱ्यात पोचेल.

केतकी रेडिओसमोर बसली. सावकाश, एकेक वाक्य दोनदा म्हणत तिने सगळं सांगितलं. आपण चुकीचा अर्थ घेतला, रागावलो नव्हतो, फार एकटं वाटलं.

यान आता इतकं दूर होतं की उत्तराला वेळ लागणार होता. मावशी कामाला निघून गेली. केतकी खरखर ऐकत एकटीच थांबली.

बऱ्याच वेळाने आयनोचा आवाज आला, फाटका, भोकाभोकांचा. “इथे माझ्याशी… कुणीच नाही.”

मधला शब्द हरवला होता. आयनोने वाक्य पुन्हा म्हटलं, पण त्याही वेळी नेमका तोच शब्द गळला.

केतकीने यंत्राला काही विचारलं नाही. आगेमागचे शब्द तिच्यापाशी होते, आणि इतके दिवस ती स्वतः तेच सोसत होती.

“बोलायला,” ती हळूच म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून आयनोशी बोलू लागली.