सव्वा किलोमीटरचा लाभार्थी

संध्याकाळी साडेपाचला मुकुंदराव तांबट रिक्षात बसले. रिक्षाला चालक नव्हता, त्यामुळे भाड्यावरून हुज्जत घालायलाही कुणी नव्हतं, एवढीच काय ती गैरसोय. चिमणपुऱ्यातून यादोगोपाळ पेठेपर्यंत सव्वा किलोमीटर. वाटेत एक खड्डा नाही, आडवी लावलेली एक गाडी नाही. साताऱ्यातले रस्ते ‘सुपथ मंडळी’ नावाच्या कंपनीने विकत घेतल्याला चार वर्षं झाली होती, आणि त्यातलं निदान चार आणे श्रेय आपलं, असा मुकुंदरावांचा हिशेब होता.

तो अगदीच खोटा नव्हता. पस्तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक राहिलेला माणूस सरकारी रस्त्यांविरुद्ध बोलायला उभा राहतो, तेव्हा लोक पान थुंकायचं थांबवून ऐकतात. नागरिक सभेत ते गरजले होते, “ज्या रस्त्याने मी जात नाही, त्याचा कर मी का भरू? ज्याला लाभ, त्याला भार! आणि ज्याची संमती नाही, त्याच्याकडून दमडी घ्यायची नाही!” ठराव टाळ्यांत मंजूर झाला. रस्ते खरोखरच सुधारले.

या महिन्यापासून कंपनीने लाभमापक सुरू केला होता. रस्ता वापरायचा किंवा घरी कुणाला येऊ द्यायचं, तर घरातल्या प्रत्येकाला मनगटपट्टी लागायचीच. ती नाडी, श्वास, झोप, भूक यांची नोंद ठेवायची. एखाद्या फेरीने कुणाचा जीव किती सुखावला हे त्यावरून यंत्र ताडायचं आणि भाडं त्या प्रमाणात वाटून टाकायचं. भाजीवाला गिऱ्हाइकाकडे गेला की निम्मंनिम्मं. न बोलावता आलेल्या नणंदेचं भाडं मात्र सगळं नणंदेच्याच नावावर. बऱ्याच घरांना या यंत्राचा मोठाच आधार वाटू लागला होता.

रिक्षा गजानन वेल्हाळांच्या दारात थांबली. पडद्यावर पहिल्या पंधरवड्याची वाटणी उमटली. मुकुंद तांबट, शंभर टक्के. गजानन वेल्हाळ, शून्य.

मुकुंदरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

गजानन वेल्हाळ नगरपालिकेच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. सहा वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि तेव्हापासून मुकुंदराव रोज दोन तास त्यांच्यापाशी येऊन बसायचे. गावभर सांगायचेही, “गजाला माझ्याशिवाय आहे कोण?” एका अर्थी ती त्यांची समाजसेवाच होती. त्या सेवेचं सगळं सुख सेवेकऱ्यालाच मिळतं, असं यंत्र म्हणत होतं.

“गजा, मी येतो त्याचं तुला काहीच नाही?” आत शिरताच त्यांनी विचारलं.

“चहा तूच पितोस, गप्पा तूच मारतोस,” खुर्चीतून गजाननराव म्हणाले. “मी ऐकतो. ऐकण्याचं भाडं कंपनीने मलाच द्यायला हवं.”

“चेष्टा नको. मी तक्रार करणार आहे.”

“कुणाविरुद्ध? माझ्या?”

तक्रार झाली. दोन दिवसांनी नसरीन बागवान नावाची लाभ-निरीक्षक वेल्हाळांच्या घरी आली. तिने दोघांच्या पट्ट्या तपासल्या.

“यंत्र फेरीच्या आधीचं आणि नंतरचं बघतं,” ती म्हणाली. “तुमच्यात थोडा फरक दिसतो, मास्तरकाकांच्यात दिसत नाही. पण रोजची गोष्ट असली की असं होऊ शकतं. मीठ रोज असतं तोवर कुणाला जाणवत नाही ना, तसं. खात्री करायची तर खाडा करावा लागेल. सात दिवस तुम्ही यायचं नाही. या घरातल्या सगळ्या पट्ट्या आम्ही रात्रंदिवस बघू.”

“आणि कुणालाच फरक पडला नाही तर?”

“तर ही फेरी बिनलाभाची. तिला आम्ही रस्ता देत नाही.”

फेरीच बंद पडू शकते, हे मुकुंदरावांना कळलं. पण मागे हटणं म्हणजे शंभर टक्के कबूल करणं. “करा खाडा,” ते म्हणाले.

सातही दिवस साडेपाचला ते चपला घालून दारात उभे राहिले आणि पावणेसहाला चपला काढून आत आले. गजा आता काय करत असेल, हे मनात आलं की त्याला माझी आठवण येत असो, असं वाटायचं. लगेच वाटायचं, फार येऊ नये, बिचाऱ्याची तब्येत नाजूक. आपल्याला नेमकं काय हवंय, हे त्यांना कळेना.

आठव्या दिवशी सगळे पुन्हा वेल्हाळांकडे जमले. नसरीनने हातातल्या पडद्याच्या पाटीवर आकडे काढले.

“तांबटकाका, तुमचा लाभ तेरा टक्के.”

“आणि गजाचा?”

“शून्यच. झोप तेवढीच, भूक तेवढीच.”

“माझी पट्टी डाव्या हातात आहे,” गजाननराव घाईघाईने म्हणाले. “त्या हाताला काही कळत नाही.”

“नाडी दोन्हीकडे सारखीच लागते, काका.”

मुकुंदराव मित्राकडे बघत होते आणि मित्र भिंतीकडे.

“तेरा न् शून्य मिळून शंभर होतात होय?” अखेर मुकुंदराव म्हणाले.

“उरलेले सत्त्याऐंशी या घरातल्या तिसऱ्या पट्टीचे आहेत. खाड्याच्या तिसऱ्या दिवसापासून त्या पट्टीवरची झोप निम्म्यावर आली. नाडी दिवसभर चढलेली.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. गजाननरावांची सून केतकी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. नवरा नोकरीसाठी पुण्यात, शनिवारी येणार. घर, सासरे आणि संगणकावरचं भाषांतराचं काम ती एकटी सांभाळायची. सहा वर्षं चहा तिच्याच हातचा पीत आल्यामुळे मुकुंदरावांनी तिच्याकडे नीट पाहिलेलंच नव्हतं.

“मी येतो तेव्हा तू काय करतेस गं?”

“गच्चीवर बसते.”

“वाचतेस?”

“नाही.”

“फोनवर बोलत असशील.”

“फोन खाली ठेवून जाते, काका. काही करत नाही.”

“दोन तास?” गजाननरावांना खरंच कळत नव्हतं. “काहीच न करता?”

“तुमच्याजवळ कुणीतरी असतं ना, बाबा. हाक येणार नाही हे माहीत असतं.”

“मी एवढ्या हाका मारतो?”

“नाही हो. दिवसातून चार-पाच.” तिने ट्रे खाली ठेवला. “पण कधी येईल ते माहीत नसतं.”

गजाननरावांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. एरवी या कामासाठी ते हाक मारत असत.

मुकुंदराव ताडकन म्हणाले, “तिच्या नावावर काही लावायचं नाही. सगळं मी भरतो.”

“नाही चालणार,” नसरीन म्हणाली. “लाभापेक्षा जास्त घेणं ही जबरदस्ती. ठराव तुम्हीच मांडला होतात, काका. आता ताईंची संमती हवी. त्या नाही म्हणाल्या तर फेरी बंद.”

“हा अन्याय आहे!”

“कुणावर?”

मुकुंदरावांनी हिशेब पुन्हा मांडून पाहिला. भाडं तर योग्य माणसाकडेच चाललं होतं. वाटणी चोख होती. मग आपला खिसा कापल्यासारखं का वाटावं?

केतकीने पदराला हात पुसले आणि नसरीनच्या पाटीवर अंगठा टेकवला.

“लावा माझ्या नावावर,” ती म्हणाली. “आणि मुकुंदकाका, जमलं तर पाचलाच येत जा.”

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि ती जिना चढून गेली. नसरीनही निघाली. वर गच्चीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

चहावर साय धरली.

“मुकुंदा,” शेवटी गजाननराव म्हणाले, आवाज वर जाणार नाही अशा बेताने. “उद्या पाचला तू येशील, तो कुणाकडे रे?”