ओळख न दाखवण्याचा नियम

तो मान वर करून हसला, आणि तिने त्याच्या डोक्यावरून थेट भिंतीवरच्या फ्रेम्सकडे पाहिलं.

चष्म्याचं दुकान. आई पुढे, ती मागे, काउंटरपलीकडे तो. गेल्याच आठवड्यात हा माणूस तिच्या टेबलासमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता, डोळे घट्ट मिटून. सुई टोचायच्या आधीच "झालं?" म्हणून विचारत होता. ती एचआयव्ही आणि गुप्तरोगांच्या तपासणी केंद्रात समुपदेशक होती. केंद्र लहान, त्यामुळे समजावणंही तिचं आणि टोचणंही तिचंच. तिथे नावाने हाक मारत नसत, नंबर देत. आणि केंद्राबाहेर कोणी दिसलं, तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. समोरच्याने दाखवली तरच. हसण्याचं काय, दुकानदार सगळ्यांकडेच बघून हसतात.

त्याचं हसू ओठांवर जरा वेळ तसंच राहिलं, वीज गेल्यावर पंखा फिरत राहतो तसं.

"जवळचं दिसत नाही हो," आई सांगत होती. "सुईत दोरा ओवायचा तर हिला हाक मारावी लागते. आणि ही घरात असते कधी?"

"कुठे असतात?" त्याने काच पुसत विचारलं.

"हॉस्पिटलात," आई चटकन म्हणाली.

आई सगळ्यांना एवढंच सांगे. मुलीच्या नोकरीचं पूर्ण नाव ऐकून तिचं एक जुळत आलेलं लग्न मोडलं होतं, तेव्हापासून.

चार दिवसांनी आईचा चष्मा न्यायला ती एकटी आली. दुकान रिकामं होतं.

"माझा रिपोर्ट चांगला आला होता ना?" त्याने हळूच विचारलं. "मग एवढं तोंड फिरवायला काय झालं?"

तिने त्याला नियम सांगितला. तो फ्रेम हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे... आधी मी हसायचं?"

"हसून चालणार नाही. तुम्ही सगळ्यांकडेच बघून हसता."

"सगळ्यांकडे बघून हसतो ते वेगळं. तुमचं लक्ष भिंतीकडे होतं."

त्यानंतर तिच्या स्वतःच्या चष्म्याची काडी वरचेवर सैल व्हायला लागली. तो स्क्रू आवळायचा, चष्मा तिच्या नाकावर ठेवायचा, मान कलती करून बघायचा.

"इकडे बघा. सरळ. माझ्या डोळ्यांत."

"हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता?"

"सांगावंच लागतं. पण डोळ्यांतलं अंतर मोजायला घेतलेली पट्टी फक्त तुमच्या वेळी हलते."

"मग पट्टी बदला."

"पट्टीचा दोष नाही हो..."

बोलणं वाढत गेलं. एकदा तो म्हणाला, "तीन महिन्यांनी परत तपासायला बोलावलं होतंत. येऊ ना?"

"या. पण माझ्याकडे नको. पलीकडच्या खोलीत आमच्या डॉक्टर मॅडम बसतात."

"का? तुम्ही तर हलकं टोचता."

"आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नसते."

म्हणून झालं आणि मग तिला ते ऐकू आलं. त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"परत सांगा."

"नियम एकदाच सांगतात."

तपासणीच्या दिवशी तो मॅडमच्या खोलीत असताना ती बाहेर फाईल चाळत बसली, एकही अक्षर न वाचता. मॅडम बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळू देतील तर त्या मॅडम कसल्या! मागून तो आला.

"काही नाही. ठीक आहे सगळं."

"मला सांगायची सक्ती नव्हती."

"माहीत आहे. म्हणून तर सांगितलं."

हे सगळं खरं, पण चार लोकांत ती "मॅडम" आणि तो "चष्मेवाले"च. तिला ते सलायला लागलं. त्याला तिच्या कामाची लाज वाटत असेल का? विचारून उत्तर घेण्यात अर्थ नव्हता. आणि तिने स्वतः बोलायचं म्हणजे त्याची खासगी गोष्ट चव्हाट्यावर मांडायची. ते तिच्याने होणार नव्हतं. बोललाच तर त्यानेच बोलायला हवं होतं.

मग एका गर्दीच्या दुपारी आई तिला घेऊन दुकानात आली. नवा चष्मा नाकावर रुतत होता.

"रुततोय खरा, पण दिसतं झकास," आई म्हणाली. "तुमचं दोघांचं काय चाललंय तेही दिसतं." गिऱ्हाइकं हसली. आईला चेव आला. "याच दुकानात जमलं ना? मीच आणलं होतं हिला. श्रेय माझं!"

वाट आयती होती. त्याने फक्त मान हलवायची. मग सगळेच सुखी, आणि तिची नोकरी जन्मभर "हॉस्पिटलात". ती काउंटरच्या काचेखालच्या फ्रेम्स बघत राहिली.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"नाही, काकू. त्याच्या आधी भेटलो. मी हिच्या केंद्रात गेलो होतो. एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला."

आरशासमोरच्या गृहस्थांचा चष्मा एकाच कानावर लटकत राहिला.

"कशाला?" आईने विचारलं.

"आधी एक नातं होतं. संपलं. पुढे कोणाचा हात धरायचा, तर आपलं आपल्याला माहीत असावं म्हणून."

"आणि काय निघालं?"

"आई, असं विचारायचं नसतं!"

"विचारू दे गं," तो म्हणाला. 'गं' पहिल्यांदाच. "काही निघालं नाही, काकू. निघालं असतं तरी औषधं आहेत, माणूस नीट जगतो. हिनेच समजावलं होतं."

आईने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. दुकानभर नजर फिरवली.

"माझी मुलगी हे काम करते," ती म्हणाली, जणू रोजच सांगत असल्यासारखी. मग आरशासमोरच्या गृहस्थांकडे वळली. "तुम्हीही जाऊन या. टोचलेलं कळतसुद्धा नाही म्हणे."

"कळतं हो," तो म्हणाला. "अजून कळतंय."

कोणीतरी फिसकन हसलं. काउंटरवर त्याचा हात होता. तिने त्यावर आपला हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.