बऱ्या झालेल्यांची यादी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर चाळीस रुग्णांची यादी होती. एकोणचाळीस नावांपुढे 'बरा' असं लिहिलेलं. चाळिसावी कस्तुरी, सहा वर्षांची, समोरच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती. तिच्या मानेवरची त्वचाक्षयाची गाठ दोन महिन्यांच्या उपचारानंतर लिंबाएवढी सुजून फुटली होती.

"वाटाण्याएवढी हुती, डॉक्टरबाई," तिची आई सुलभा म्हणाली. "बंद करा ते औषध. पोरीची मान नासाय लागलीया."

डॉ. हेमांगी केळुसकर गोंधळल्या. गाठीशेजारी चिकटवलेला त्वचाप्रहरी हा छोटा यंत्रपट्टा सूज मोजायचा. सूज वाढली, की औषध मानवत नाही असं धरून तो कातडीखालच्या औषधकुपीला थांबायचा इशारा द्यायचा. बाकी सगळ्यांच्या कुप्या तिसऱ्या आठवड्यातच थांबल्या आणि सूज उतरली. हिची कुपी अजून चालूच!

तेवढ्यात जंतुतज्ज्ञ इस्माईल मुजावर गाठीच्या तुकड्याचा अहवाल घेऊन आले.

"मॅडम, हिच्या गाठीत एकही जिवंत जंतू नाही. सगळी मढीच."

"मग सूज कसली?"

"जंतूंनी शरीराचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, झोपवून ठेवले होते. औषधानं जंतू मरायला लागले, तसे पहारेकरी जागे होऊन मढ्यांवर तुटून पडले. एवढा धिंगाणा घातल्यावर गाठ सुजणारच की. ओसरेल हळूहळू."

"म्हंजी वाचली न्हवं?" सुलभानं विचारलं.

"वाचली, बाई," केळुसकर म्हणाल्या. "पण प्रहरी कसा नाही ओरडला?"

"त्यो माज्याकडं न्हाईच!" कस्तुरी खुदकन हसली. "आईकडं हाय."

सुलभानं ओशाळून पदर सारला. तिच्या दंडावर प्रहरीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. "झोपंत वरबाडून काढायची ओ. म्हटलं, हरवायला नको. मायलेकी एकाच अंथरुणात निजतो, यंत्राला काय कळतंय?"

केळुसकरांना हसू आलं आणि ओठांवरच थांबलं. दोन महिने प्रहरी आईची निरोगी कातडी बघत राहिला, म्हणून लेकीचं औषध थांबलं नाही.

"इस्माईल, मग बाकीच्यांची सूज का उतरली?"

मुजावर पडद्याकडे वळले. "औषध थांबलं. जंतू मरायचे थांबले. पहारेकरी पुन्हा झोपले."

केळुसकरांनी यादीतलं पहिलं नाव काढून फोन लावला.

"नमस्कार. हो, हो, तुमच्या अहवालात 'बरा' असंच आहे. म्हणूनच म्हणते, आजच इकडे यायला निघा."