चौथ्या कोपऱ्यातली पंखवाली

त्याची नि माझी पहिली भेट पाठीने झाली. वेतुलेनस धन्यांच्या थडग्यात शिरायला एक अरुंद बोळ होता. मी चुन्याची बादली घेऊन आत चालले होते आणि तो, आपण रंगवलेलं छत लांबून बघायला, उलट पावलांनी बाहेर येत होता. बादली आडवी झाली. सकाळभर संगमरवराची पूड घालून मळलेला चुना त्याच्या पायांवर आणि माझ्या कपाळावर.

"पाठीला डोळे लावून घे," मी म्हणाले.

"लावले असते तर तू आधीच दिसली असतीस," तो म्हणाला आणि हसला.

हसणाऱ्या माणसांचा मला त्या दिवसांत फार राग यायचा. तसं कारणही होतं. धनी जाताना मृत्युपत्रात लिहून गेले होते — माझं थडगं इजिप्तच्या पद्धतीचं, टोकदार बांधा. ते तीनशे तीस दिवसांत पुरं झालं तर दासी तायसिस मोकळी. एक दिवस जरी वर गेला, तर ती माझ्या भाच्याची, कायमची.

तायसिस मी. आणि भाचा म्हणजे आमचे धाकटे धनी. ते मला कधी रागावत नसत, नुसते बघत. ते बघून गेले की मी तोंड धुऊन येई.

या रंगाऱ्याला, पुतेओली गावच्या हिलारसला, त्यांनीच आणलेलं. म्हणून माझी अट मी त्याला सांगितली नाही. वारसाच्या माणसाला कळलं आणि त्याने मुद्दाम काम रेंगाळवलं तर... मी ओठ शिवून घेतले आणि फक्त भांडायला उघडले.

भांडायला निमित्त लागत नसे. पहाटे मी छतावर ओला गिलावा चढवायची. तो वाळायच्या आत, दुपारपर्यंत, त्याने त्यावर रंग भरायचा. वाळला की रंग धरत नाही, सगळं खरवडून पुन्हा दोन दिवस. आणि हा माणूस निळ्या बोटांनी आरामात ऑलिव्ह खात विचारायचा, "काय गं, तुमच्या इजिप्तमध्ये थडगी अशीच असतात?"

"आमच्याकडची पसरट असतात. हे भाल्याचं टोक झालंय. आणि तू रंगव, गिलावा सुकतोय."

"तू ओरडलीस की हात बरा चालतो माझा."

"मग आज दिवसभर चालेल."

छताच्या चार कोपऱ्यांत चार पंखवाल्या विजयदेवता काढायच्या होत्या. तीन झाल्या, हलक्या, आत्ता उडतील अशा. चौथीपाशी मात्र गाडं अडलं. तिचा चेहरा जमत नाही म्हणे. एकदा गिलावा वाळला, दुसऱ्यांदा वाळला, तिसऱ्यांदा वाळला. मी रोज चुन्याच्या हौदामागे कोळशाची एक रेघ ओढत होते. तीनशे अठ्ठाविसावी ओढली तेव्हा दोनच उरल्या होत्या.

त्या दुपारी चाळण विसरले म्हणून परतले. दिव्याच्या उजेडात चौथी देवता पुरी झालेली होती... शांत, हसरी, चेहऱ्यासकट. आणि हिलारस थापीने तोच ओला चेहरा खरवडत होता.

मी चाळण फेकून मारली. ती त्याच्या खांद्याला लागली.

"आधीच्या तीनही वेळा हेच केलंस?" मी विचारलं.

त्याने खाली बघून होकाराची मान हलवली. मग म्हणाला, "काम संपलं की मी पुतेओलीला जाणार. तू त्या घरात राहणार. तुझं ओरडणं ऐकायला मिळायचं नाही... म्हणून चार दिवस वाढवत होतो. चुना तर वाया गेला ना, तायसिस, दुसरं काय?"

मग मी त्याला सांगितलं. अट, रेघा, भाच्याचं बघणं — सगळं. त्याचा चेहरा गिलाव्यासारखा पांढरा पडत गेला.

"मला आधी सांगायचंस."

"तू त्यांचा माणूस. कशाच्या भरवशावर सांगायचं? आणि तू? मला न विचारता माझे दिवस घेतलेस. आवडते म्हणायचं नि दोरी ओढून धरायची, हे धाकटे धनीही करतील."

तो शिडीवरून खाली उतरला. चाळण उचलली आणि पूड चाळायला बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही खालचा थर दिला. तीनशे तिसाव्या दिवशी पहाटे मी वरचा गिलावा चढवला आणि दिवा धरून उभी राहिले. तो न थांबता, न खाता रंगवत राहिला. मधूनच वळून माझ्याकडे बघायचा, पुन्हा छताकडे. मी एकदाही हसले नाही.

उन्हं कलताना साक्षीदारांबरोबर धाकटे धनी आले. त्यांनी चौथा कोपरा बराच वेळ पाहिला. "ही रागावलेली का दिसते?"

"हसरी हवी असं मृत्युपत्रात लिहिलेलं नाही," हिलारस म्हणाला.

साक्षीदारांनी माना डोलावल्या. दिवा बाहेर आणला, गवंड्यांनी बोळ दगडांनी बुजवला. माझ्या चेहऱ्याची, भुवई चढलेली ती पंखवाली आता कुणालाच दिसणार नव्हती.

बाहेर ओस्तिया बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी उभी होते, पहिल्यांदाच कुणाचीही नसलेली. हाताला ओल्या चुन्याचा वास होता. हिलारस जवळ आला, पण दोन पावलं अलीकडेच थांबला.

"आता विचारतो. माझ्याबरोबर पुतेओलीला... येशील?"

"नाही," मी म्हणाले.

किती सोपा शब्द होता तो. आणि आजवर मला तो कधी म्हणता आला नव्हता. मी तो पुन्हा एकदा, हळूच, स्वतःशी म्हणून पाहिला.

हिलारसने मान हलवली, ब्रशांची पिशवी खांद्यावर घेतली आणि वळला. भांडला नाही, गयावया केली नाही. माझी वाटही अडवली नाही.

तो दहा पावलं गेला असेल.

"हिलारस," मी हाक मारली. "उद्या पुन्हा विचार."

तो वळला.

"पहाटे," मी म्हणाले. "आणि उशीर केलास तर बघ."