रिपोर्टखालचं नाव

"राबायचं मी, आणि नाव लागणार भलतीचंच," टेक्निशियन माझ्या कानाशी पुटपुटली आणि रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे आपटला. "ताई, तुमच्या प्रोग्रामला माझं काय वावडं आहे?"

आमच्या लॅबच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते. 'तयार करणार', आणि पुढे त्या वेळी कॉम्प्युटरवर ज्याचं लॉगिन असेल त्याचं नाव. तिथे टेक्निशियनचं नाव हवं होतं. तिथे 'चिमी' होतं.

चिमी माझी धाकटी बहीण. याच लॅबमध्ये, आता टेक्निशियन बसते त्याच खुर्चीवर बसायची. गेल्या हिवाळ्यात सकाळी कामावर निघाली ती पोहोचलीच नाही. स्कूटर पुलावर उभी होती, किल्ली तशीच लावलेली. पुढे नदीच्या खालच्या अंगाला काही कपडे मिळाले. ते ओळखायला या, म्हणून पोलिसांचे फोन येतात आणि आई म्हणते, "उद्या बघू." त्यापुढचा शब्द घरात कोणी काढत नाही. आई चिमीचं पांघरूण उन्हात टाकते, मी संध्याकाळी घडी घालते.

प्रोग्राम माझाच. कॉलेजात नाही शिकले. ठेचा खात, ज्याला येतं त्याचं डोकं खात शिकले. लॅबमधल्या तीन कॉम्प्युटरांच्या सिस्टिम तीन तऱ्हेच्या, आणि लॉगिनचं नाव ठेवायचा कप्पा प्रत्येकीचा वेगळा. एक त्याला 'यूजर' म्हणते, दुसरी 'यूजरनेम', तिसरीचं आणखी काही. तिन्हींवर एकच प्रोग्राम चालावा म्हणून तो एकेक कप्पा उघडून बघतो, अशी सोय मी केली होती. कुठेच काही सापडलं नाही तर 'कोणी नाही' छापायचं.

"जुनी पाटी राहिली असेल गं," मी टेक्निशियनला म्हटलं. हे कप्पे म्हणजे दारावरच्या पाट्याच. भाडेकरू निघून गेला तरी पाटी राहते. चिमीचं खातं मी केव्हाच काढलं होतं, तरी सगळे कप्पे पुन्हा पुसून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते नाव डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवरून आलं. तो कॉम्प्युटर तर उन्हाळ्यात घेतलेला, चिमीचा हात त्याला कधी लागलेलाच नव्हता.

डॉक्टरांनी कागद पालथा ठेवला. "काहीतरी सेटिंग असेल."

"हो, सेटिंगच."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मी प्रोग्राम बदलला. पाट्या वाचायच्याच नाहीत. सरळ सिस्टिमला विचारायचं, आत्ता आत कोण आहे? पाटी कोणीही लावू शकतं, पण या प्रश्नाला खोटं उत्तर मिळत नाही, असं मी शिकले होते. आणि खरंच, टेक्निशियनच्या रिपोर्टवर टेक्निशियनचं नाव आलं, डॉक्टरांच्या रिपोर्टवर डॉक्टरांचं.

"आलं बाई एकदाचं!" टेक्निशियन म्हणाली. "आता पगारवाढही याच नावावर येऊ द्या."

मी हसले. खूप दिवसांनी हसले. मग खात्री करायला म्हणून प्रोग्रामला सांगून ठेवलं, अधूनमधून हाच प्रश्न आपणहून विचार आणि उत्तर छाप.

दुपारी सगळे लॉगिन बंद करून जेवायला गेले. मी एकटीच डबा उघडून बसले होते. टेक्निशियनचा प्रिंटर घरघरला. 'कोणी नाही' असं येणार, म्हणून मी उठलेसुद्धा नाही. कागद सरकत पायाशी आला.

चिमी.

मग डॉक्टरांच्या खोलीतला प्रिंटर. मग कोपऱ्यातला तिसरा.

मी आईला सांगणार नव्हते. पण टेक्निशियनच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आई दारात उभी, हातात चिमीचा निळा स्वेटर.

"इथे तो एसी किती गार असतो. त्या दिवशी घरीच विसरली होती."

"आई, तू बस आधी."

"नाव येतंय ना तिचं? म्हणजे आहे ती कुठेतरी. मी म्हणतच होते."

"अगं, प्रोग्राम फक्त नाव सांगतो. बाकी काही नाही."

"मग सांगू दे नाव. मला तेवढं पुरे."

तिने स्वेटर चिमीच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, खांदे नीट बसवले, बाह्या सरळ केल्या. टेक्निशियन चहाचा कप धरून दाराशीच थबकली होती. तिन्ही कॉम्प्युटरांवर लॉगिन मागणारे पडदे होते. मी मनात 'कोणी नाही, कोणी नाही' घोकत होते.

प्रिंटर घरघरला. आईने कागद उचलला, लांब धरून वाचला. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"चिमे," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "घरी चल गं."

एसी तेवढा चालू होता.

आईने स्वेटरच्या बाहीला हात लावला. आणि हात तिथेच राहिला.

बाहीतून फरशीवर थेंब पडला. मग दुसरा.

गाळाचा वास आला.

आईने दोन्ही हातांनी ती बाही धरली आणि हळूहळू पिळली, लहानपणी आमचे कपडे पिळायची तशी, शेवटचा थेंब निघेपर्यंत. काळसर पाणी खुर्चीखाली पसरत गेलं.

"पोलिसांना फोन लाव," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बुडाली आपली चिमी."