चौथं पाकीट

मॅडमचा आमच्या प्रयोगशाळेत एकच जाच होता. फोटो काढण्याआधी हाताने चित्र काढायचं. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, शाईच्या पेनाने कागदावर उतरवायचं, खोडायचं नाही, आणि पेन थांबलं की शेजारी वेळ लिहायची. "फोटो काढला की माणूस बघायचं सोडतो. तू बघ," म्हणायच्या. वीस वर्षं मी कुरकुरत बघितलं. अशी बाई पुन्हा होणे नाही.

विषय तरी काय, तर सिंकच्या जाळीवर धरतो तसला जिवाणूंचा बुळबुळीत थर. अंतराळस्थानकातल्या पाण्याच्या नळ्या हाच थर तुंबवतो, म्हणून तीन देशांतल्या तीन प्रयोगशाळा एकत्र आल्या होत्या. नाण्याएवढ्या पोलादी चकत्या वर जायच्या, थर धरून परत यायच्या आणि तिघांत वाटल्या जायच्या. मॅडमचं म्हणणं, वजनच नसेल तिथे हे जिवाणू खांब उभारतील आणि वर छत घालतील. भर परिषदेत लोक हसले. त्यांनी उड्डाणाआधीच आपल्या अंदाजाचं चित्र काढलं, पाकिटात घातलं, त्यावर तिन्ही प्रयोगशाळांच्या लाखेच्या मोहरा लावून घेतल्या आणि ते उंटरावांच्या तिजोरीत धाडलं. उंटराव म्हणजे थंड देशातले आमचे भागीदार. साडेसहा फूट उंच, मनाने लोणी.

दोन वर्षांनी चकत्या परत आल्या, तेव्हा मॅडम इस्पितळात होत्या. "मी खरी ठरले की नाही, तेवढं कळू दे गं," म्हणाल्या. मी जिवाचा आटापिटा केला. दुसऱ्याच दिवशी सकाळी चित्राला बसले. खांब होते. खरंच होते, सतरा. शेवटचा काढत असताना टेबलावरचा फोन वाजला, पेन घसरलं आणि उजव्या कोपऱ्यात एक वेडीवाकडी रेघ गेली. सवयीने वेळ लिहिली, अकरा चाळीस, आणि फोन उचलला. मॅडम गेल्या होत्या.

पंधरवड्याने आम्ही तिघं पडद्यावर जमलो. मी, उंटराव आणि समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेतल्या ताई. तोवर एकमेकांची चित्रं पाहायची नाहीत, आपापली पाकिटात बंद ठेवायची, असा करार होता. तिघांनी पाकिटं फोडली आणि एकदम कागद वर धरले.

माझे सतरा खांब. ताईंचे सतरा. उंटरावांचेही सतरा. डावीकडून पाचवा तिन्ही चित्रांत वाकलेला. चकत्या मात्र तीन, वेगवेगळ्या.

"हे जरा जास्तच जुळतंय," ताई म्हणाल्या.

"तुमच्या कोपऱ्यात ही रेघ कसली?" उंटरावांनी मला विचारलं.

"पेन घसरलं. इस्पितळातून फोन आला होता."

त्यांनी मान खाली घातली.

मग चौथं पाकीट, उंटरावांच्या तिजोरीतलं, मॅडमचं. तिन्ही मोहरा त्यांनी एकेक करून कॅमेऱ्याला दाखवल्या. शाबूत होत्या. पात्याने कड कापली, कागद उलगडला.

सतरा खांब. पाचवा वाकलेला.

"जिंकल्या तुमच्या मॅडम," उंटराव म्हणाले. मी तर लाजलज्जा सोडून रडले.

ताईंनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ सरकल्या.

"मॅडमच्याही चित्रात रेघ आहे."

उजव्या कोपऱ्यात. माझ्या कागदावरच्यासारखीच वेडीवाकडी.

मी माझा कागद पालथा घातला. का, ते मला आजही सांगता येत नाही.

"शेजारी काहीतरी लिहिलंय," उंटराव म्हणाले. "तुमच्या लिपीत आहे, मला वाचता येत नाही."

त्यांनी कागद कॅमेऱ्यापुढे धरला. अक्षर मॅडमचंच होतं.

अकरा चाळीस. आता फोन घे.